जोडणाऱ्या माणसाचा पगार

चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं की बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं ओळीनं येतात. मग तालुक्याचं ठाणं असलेलं पौड लागतं आणि पुढे माले ओलांडली की मुळशीचं धरण, ताम्हिणीचा घाट. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला बंगले, गृहसंकुलं आणि ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या वसाहती आहेत. पलीकडच्या टोकाला भाताची खाचरं, धनगरवाडे आणि कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. दोन्हीकडे म्हातारी माणसं राहतात, आणि दोन्हीकडे त्यांच्या नावावर असं काही ना काही आहे, ज्यावर दुसऱ्या कुणाचा डोळा असतो. वरच्या गावांत ती गोष्ट म्हणजे सातबारा. खालच्या गावांत ती बँकेतली ठेव, निवृत्तीचा पैसा, राहता फ्लॅट.

२०११ च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती. त्या वेळी राज्यात साठीपुढच्या माणसांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. ते प्रमाण इथे लावलं तर तेव्हाच तालुक्यात सतराएक हजार ज्येष्ठ होते. पुढच्या वर्षांत हा आकडा वाढला, आणि जमिनीचा भाव त्याहून कितीतरी वेगानं वाढला. आयुष्यभर ज्या माणसाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याच्या नावावरचे वीस गुंठे एकाएकी सगळ्या भावकीला आठवू लागले.

म्हातारपणीच्या लुबाडणुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा बोलणं बहुतेकदा मुलांच्या कृतघ्नतेवर येऊन थांबतं. तो राग खरा असतो. पण रागानं फेरफार थांबत नाही आणि खात्यातून गेलेले पैसे परत येत नाहीत. त्यासाठी तलाठी, पोलीस, बँक, प्रांत, वकील आणि गावातलं एखादं जागतं माणूस यांनी थोड्या दिवसांत एकत्र हलावं लागतं. यातला प्रत्येक जण मुळशीत आहे. त्यांना एकत्र आणणारं माणूस मात्र नाही, कारण त्याचा पगार कुणाच्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते का महत्त्वाचं आहे हे समजायचं तर आधी लुबाडणूक कशी होते ते नीट पाहायला हवं.

एक सही, एक अंगठा

जमीन बळानं फारशी जात नाही. ती सहीनं जाते. ‘पेन्शनचं काम आहे, चला पौडला’, ‘वारसनोंद करायची आहे’, ‘कर्जमाफीचा फॉर्म आहे’ असं सांगून आजींना गाडीत बसवलं जातं. कागद कोणता आहे हे त्यांना वाचता येत नाही, किंवा वाचायला दिलाच जात नाही. हे कागद साधारण चार प्रकारचे असतात.

पहिला बक्षीसपत्र. राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं किंवा नातवंडं यांना बक्षीस द्यायची असेल तर महाराष्ट्रात २०१५ पासून मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र, म्हणजे २०० रुपये ठेवलं गेलं. घरातल्या घरात मालमत्ता सरळपणे पुढच्या पिढीकडे जावी, हा हेतू चांगला होता आणि हजारो कुटुंबांना त्याचा फायदा झाला. पण त्याच सवलतीमुळे आईकडून सगळं लिहून घेण्याचा खर्चही उरला नाही.

दुसरा कुलमुखत्यारपत्र. ‘तुम्हाला सारखं कचेरीत यायला नको’ म्हणून घेतलेल्या या कागदावर पुढे विसार होतो, साठेखत होतं, आणि मूळ मालकाला व्यवहाराची रक्कमसुद्धा ठाऊक नसते. तिसरा हक्कसोडपत्र. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. तेव्हापासून सत्तरीतल्या आत्या आणि मावश्या भाचे-पुतण्यांसाठी महत्त्वाच्या झाल्या. माहेर तुटू नये म्हणून कित्येक बाया एक रुपया न घेता सही करतात. त्यातल्या काही मनापासून करतात, काहींना दुसरा पर्याय दिलेला नसतो. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली आणि मयतांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं मोठं काम सुरू झालं. फार चांगलं काम. मात्र ज्या विधवेचं नाव सातबाऱ्यावर नव्यानं लागलं, तिच्याकडे सहीसाठी येणारी माणसंही त्याच दिवसापासून सुरू होतात, हे लक्षात ठेवायला हवं. चौथा कागद मृत्युपत्राचा. शेवटच्या आजारपणात, रुग्णालयातून घरी आणल्यावर, कधी कधी तारीख मागची टाकून तो केला जातो.

दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकाकडे सही आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, छायाचित्र काढलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नोंदणी अधिकारी घरीही येऊ शकतो. तो विचारतो, मजकूर मान्य आहे का? त्या वेळी खाटेशी ज्याला जमीन मिळणार तोच उभा असतो. आणि उद्याची औषधं त्याच्याच हातून यायची असतात. अशा वेळी ‘मान्य नाही’ म्हणायला किती बळ लागत असेल!

तरीही इथे एक फट आहे, चांगल्या अर्थानं. दस्त झाला म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव लगेच बदलत नाही. जमीन महसूल संहितेप्रमाणे तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. ही नोटीस आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसते. हरकत आली तर नोंद तक्रारी ठरते आणि सुनावणी होते. दस्त रद्द करण्याचा अधिकार तिथे कुणाला नसतो, पण वेळ मिळतो. ज्याला फसवलं आहे त्याच्यासाठी हे १५ दिवस फार मोलाचे असतात. प्रश्न इतकाच की आजींच्या वतीनं ते संकेतस्थळ उघडून पाहणार कोण?

मुळशीला हे नवं नाही

जमीन, कागद आणि म्हातारा शेतकरी यांची इथली गाठ जुनी आहे. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी तो चालवला आणि याच लढ्यानं बापटांना ‘सेनापती’ ही ओळख दिली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात एक कडू गोष्ट ठळकपणे पुढे येते. मावळ्यांना जमीन हवी होती, तर त्या जमिनीवर सावकारी हक्क असलेल्या पुण्याच्या मंडळींपैकी अनेकांना चांगला मोबदला मिळाला तरी चालणार होतं. राबणाऱ्याची जमीन कागदावर आधीच दुसऱ्याकडे गेलेली होती.

त्याआधी १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या या दंग्यांनंतर सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे जिल्हे त्याच्या कक्षेत होते. त्या कायद्याचं सार आजही जपण्यासारखं आहे. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न्यायाधीशानं थांबायचं नाही, मागे जाऊन मूळ व्यवहार काय झाला ते तपासायचं. आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याला समजावून सांगून व्हायचा. निरक्षर माणसाच्या सहीमागे पाहिलं पाहिजे, हे दीडशे वर्षांपूर्वी याच मातीतल्या अनुभवानं शिकवलं.

१८७२ चा करार कायदाही तेच सांगतो. वय, आजार किंवा मानसिक त्रास यांमुळे ज्याची समज कमी झाली आहे, त्याच्यावरचा आपला वरचष्मा वापरून केलेला करार त्या माणसाला रद्द करून घेता येतो. कायद्याला म्हातारपण तेव्हापासून ठाऊक आहे. मात्र दिवाणी दाव्याला जी वर्षं लागतात, तेवढी ऐंशीच्या माणसाकडे उरलेली नसतात.

२००७ चा कायदा काय देतो

ही अडचण ओळखूनच आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ आला. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये झाले. हा कायदा जितका चांगला आहे, तितकाच लोकांना कमी माहीत आहे.

अर्ज न्यायालयात नव्हे, निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. तिथे प्रांताधिकारी बसतात. मुळशीसाठी हे मावळ-मुळशी उपविभागाचे प्रांत. त्यांच्या निर्णयावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. कलम १७ प्रमाणे या कामात वकील उभा राहत नाही. निर्वाहभत्ता दरमहा १० हजार रुपयांपर्यंत मिळू शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्ज निकाली काढायचा असतो. ज्येष्ठ स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. हे वाक्य मुद्दाम पुन्हा वाचावं असं आहे: म्हाताऱ्या माणसाला स्वतः पौड किंवा पुण्याची पायरी चढावी लागेलच असं नाही.

मालमत्तेसाठी कलम २३ आहे. मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर ज्येष्ठानं मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं ती अट मोडली, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं मानून रद्द करता येतो. ही तरतूद कायदा लागू झाल्यानंतरच्या व्यवहारांपुरती आहे. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लागायला हवेत. डिसेंबर २०२२ मध्ये, सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात, न्यायालय म्हणालं की सांभाळाची अट होती हे सांगावं आणि सिद्ध करावं लागेल, नुसतं आईनं मुलाला दिलं म्हणून अट गृहीत धरता येणार नाही. मग २ जानेवारी २०२५ रोजी उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात न्यायालयानं या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावावा असं सांगितलं. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या या आईनं मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं आणि तिला सांभाळण्याचं वचनपत्र त्याच दिवशी लिहून घेतलं होतं. न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि मालमत्तेचा ताबाही आईला परत देण्याचा आदेश दिला.

दोन्ही निर्णय एकत्र वाचले की व्यवहारातला सल्ला सोपा आहे. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘शेवटपर्यंत सांभाळीन, औषधपाणी करीन, राहत्या घरात राहू देईन’ ही अट दस्तातच लिहून घ्यावी. एक परिच्छेद पुरतो. पण पौडच्या कचेरीबाहेर दस्त टंकून देणाऱ्याला तो परिच्छेद घालायला सांगणारं माणूस आजींच्या बाजूनं उभं असायला हवं. दस्त लिहून घेण्याचे पैसे तर दुसरी बाजू देत असते.

फोनवरचा पोलीस

खालच्या मुळशीत चोर घरी येत नाही, फोनवर येतो. भूगाव, बावधन, हिंजवडी या पट्ट्यात मुलं परदेशी आणि आई-वडील इथे, अशी घरं खूप आहेत. मुलांशी बोलायचं तेही फोनवरच, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची सवय लागलेली असते. मग एक दिवस पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो. तो सांगतो की तुमच्या आधारवर पार्सल पकडलं गेलंय, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन बंद करायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही. दोन-चार दिवसांत ठेवी मोडल्या जातात.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून हे देशाला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दांपत्याच्या तक्रारीवरून या विषयाची स्वतःहून दखल घेतली. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. पहिल्या तासाला किंमत आहे ती यासाठी. पण ज्याची आयुष्यभराची बचत गेली आहे, तो माणूस पहिला तास लाजेत घालवतो. मुलांना काय सांगू, याच विचारात रात्र जाते.

वरच्या मुळशीतही तंत्रज्ञान पोचलंय, मात्र वेगळ्या रूपात. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि गावातल्या बँक प्रतिनिधीकडे अंगठा लावून काढले जातात. अंगठा एकदा लागला की दोनदा, मशीनवर रक्कम किती दिसली, पावती मिळाली की नाही, यावर आजींचा ताबा नसतो. रक्कम छोटी, पण ज्यांचं सगळं उत्पन्न तेवढंच आहे त्यांच्यासाठी ती पूर्ण लूट आहे. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे लांबवले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तोटा ग्राहकावर येत नाही. हे नियम कागदावर आहेत. ते वाडीवर पोचवायला पाय लागतात.

साखळी कुठे तुटते

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोळवण खोऱ्यातल्या एका आजींकडून पुतण्यानं पेन्शनचा कागद म्हणून मुखत्यारपत्रावर अंगठा घेतला. त्यावरून एक एकर विकली, आलेला मोबदला आजींच्या खात्यात जमा झाला आणि आठवड्याभरात तिथूनही निघाला. शेजारच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, संशय आला.

आता पुढे? मुखत्यारपत्र रद्द करायचं तर वकील आणि नोंदणी कार्यालय. नव्या मालकाचं नाव लागू नये म्हणून तलाठ्याकडे हरकत, तीही मुदतीत. खात्यातल्या पैशांसाठी बँक. फसवणुकीची फिर्याद पोलिसांत. आजींच्या पोटापाण्यासाठी निर्वाहाचा अर्ज प्रांतांकडे. आजींना दिसायला कमी येत असेल, विसर पडत असेल तर डॉक्टरचा दाखला. आणि या सगळ्या काळात आजी राहणार कुठे, कारण त्या पुतण्याच्याच घरात आहेत.

सहा दारं, आणि प्रत्येक दारावर उत्तर एकच: हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा. यात कुणी वाईट वागतं असं नाही. प्रत्येक जण आपल्या कागदापुरता बरोबर असतो. त्यात मुळशीची हद्द अवघड. पौड पोलीस ठाणं पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे गेली. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. आजींची जमीन एका हद्दीत, बँकेची शाखा दुसऱ्या आणि पुतण्या राहायला तिसऱ्या.

आशाताई तिसऱ्या फेरीनंतर थकतात. त्यांना त्यांची कामं आहेत, गाडीभाडं स्वतःच्या खिशातून जातं आणि गावात पुतण्याशी वैर येतं ते वेगळंच. ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यकर्ते स्वतः पंचाहत्तरीत असतात. फेस्कॉम या राज्याच्या महासंघानं १९८० पासून गावोगावी संघ उभे केले, ही मोठी पुण्याई आहे. पण स्वयंसेवेवर एखादं शिबिर होतं, मेळावा होतो. पंधरा दिवस सलग सहा कचेऱ्यांचा पाठपुरावा करायला नेमलेलं माणूस लागतं. भजनी मंडळात पेटी, टाळ, पखवाज सगळं असलं तरी ताल धरणारा लागतो, तसं हे आहे.

पैसे कुणी दिले, तेव्हा काय झालं

जगात या गोष्टीचा अनुभव घेतला गेला आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९९३ मध्ये ज्येष्ठांच्या आर्थिक शोषणासाठी खास पथक सुरू झालं. पोलीस, सरकारी वकील, बँकेतली माणसं, समाजसेवक, मानसतज्ज्ञ एका टेबलाशी बसून एकेका प्रकरणाचा विचार करू लागले. पुढे अशी पथकं अनेक ठिकाणी झाली. जी टिकली, त्यांच्याकडे बहुधा एक समान गोष्ट होती: बैठक बोलावणारा, टिपण ठेवणारा आणि ठरलेलं झालं का ते विचारणारा पगारी समन्वयक. त्याच देशात २०१० मध्ये ज्येष्ठांच्या न्यायासाठी स्वतंत्र कायदा झाला, पण पहिली काही वर्षं त्याच्यामागे पैसा फारच थोडा आला. चांगला कायदा पैशाविना किती अशक्त राहतो हे त्यातून दिसलं. याउलट १९८४ मध्ये तिथे गुन्ह्यातल्या पीडितांसाठी एक निधी उभारला गेला होता. त्यात करदात्यांचा नव्हे, तर गुन्हेगारांकडून वसूल झालेल्या दंडाचा पैसा जातो. ज्येष्ठांसाठी झटणाऱ्या अनेक गटांना त्या निधीनं आधार दिला.

आपल्याकडेही एक वाट दिसली आहे. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आधी हैदराबादला टाटा ट्रस्ट्सच्या पैशातून सुरू झाली. कल्पना चालते हे दिसल्यावर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं ती उचलली आणि २०२१ मध्ये देशभर नेली. आता पैसा केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून येतो, आणि महाराष्ट्रात काम पुण्याची जनसेवा फाउंडेशन करते. आधी दानाचा पैसा धोका पत्करतो, मग सरकारचा पैसा ते काम कायम करतो आणि स्थानिक संस्था ते घरोघर नेते. तिघांचा क्रम बरोबर लागला तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. या हेल्पलाइनला प्रत्यक्ष जाऊन भेटणारे क्षेत्र अधिकारीही असतात. पण एकेकाच्या वाट्याला आलेला मुलूख इतका मोठा असतो की ताम्हिणीच्या वाडीपर्यंत वेळेत पोचणं त्यांना शक्य नाही. तालुक्यात एक माणूस हवं.

त्याला किती खर्च येईल? माझा अंदाज मांडतो. समन्वयकाला दरमहा २५ हजार रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख. प्रवास, फोन, कागदपत्रं, तातडीच्या मुक्कामाची सोय आणि गरजेपुरता वकिलाचा सल्ला यांना आणखी ३ लाख. वर्षाला ६ लाख रुपये. २०११ च्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी वर्षाला साडेतीन रुपये. आजच्या लोकसंख्येनं त्याहूनही कमी. मुळशीत एका गुंठ्याच्या व्यवहारात याहून मोठ्या रकमा फिरतात.

आणि पैसा आहे. २०१५ च्या अर्थसंकल्पात ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी जाहीर झाला, २०१६ मध्ये त्याचे नियम झाले. पीपीएफ, टपालातली अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी अशा खात्यांत वर्षानुवर्षं कुणी मागायला न आलेली रक्कम त्यात जाते. बँकांतल्या दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. आपली विसरलेली ठेव शोधण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आलं. हा बराचसा पैसा कुणाचा? विसरलेल्या, एकट्या पडलेल्या, वारसांना न सांगता गेलेल्या माणसांचा. तो आजच्या म्हाताऱ्यांची बचत राखण्यासाठी खर्च व्हावा, यापेक्षा न्याय्य उपयोग मला सुचत नाही.

दुसरा स्रोत हिंजवडीतल्या कंपन्यांत आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ज्येष्ठांसाठीच्या सोयी स्पष्टपणे आहेत. या निधीतून वृद्धाश्रमाला पलंग मिळतात, चाकाच्या खुर्च्या मिळतात. पगाराला पैसे मात्र कुणी देत नाही, कारण पगाराच्या शेजारी उभं राहून फोटो निघत नाही. देणाऱ्यांनी ही सवय बदलावी. तिसरा स्रोत ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा महिला-बालकल्याणावर आणि दिव्यांगांवर खर्च करण्याचा शिरस्ता पंचायतींना आहे. विकास आराखड्यात ज्येष्ठांच्या सुरक्षेची एक ओळ घालणं त्यांना अवघड नाही. चौथा विधी सेवा प्राधिकरण. ज्येष्ठांना कायदेशीर मदत देण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१६ ची योजना आहे आणि गावपातळीवर काम करणारे विधी स्वयंसेवकही आहेत.

एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. मुळशीत जमिनीच्या धंद्यातून आलेला देणगीदार सहज मिळेल. ज्या बँकेविरुद्ध तक्रार करायची, तीच बँक शिबिराचा खर्च उचलेल. देणाऱ्याकडे बोट दाखवायची वेळ आली की समन्वयकाचा हात थरथरू नये. म्हणून सगळ्यांचे पैसे एकाच जिल्हा खात्यात यावेत, देणाऱ्याला प्रकरणांची माहिती मिळू नये आणि समन्वयकाची नेमणूक विधी सेवा प्राधिकरणासारख्या तटस्थ ठिकाणाहून व्हावी. त्याच्या हाती पैशाचा व्यवहार नसावा, आजींचं एटीएम कार्ड तर कधीच नसावं. हिशेब दर वर्षी ग्रामसभेत वाचला जावा, नावं न घेता.

राखायचं कुणाला, कुणापासून

या कामात एक धोका असतो आणि तो मनात ठेवूनच पुढे जायला हवं. म्हातारा माणूस म्हणजे अजाण मूल नव्हे. मुलीला घर द्यायचं, देवस्थानाला जमीन द्यायची, शुश्रूषा करणाऱ्या पुतणीला दागिने द्यायचे, हा त्याचा हक्क आहे, आणि तो आपल्याला पटला नाही तरी आहे. समन्वयकानं पहिला प्रश्न एकांतात विचारायचा: ‘तुम्हाला काय हवंय?’ काही आई-वडील म्हणतील, जमीन गेली तर गेली, नातवाचं तोंड दिसू द्या. त्यांच्यावर फिर्याद लादू नये.

आणि प्रत्येक घरातली सून गुन्हेगार नसते. पुष्कळ घरांत म्हातारपणाचा सारा भार एकट्या सुनेवर असतो आणि मालमत्तेत तिचं नाव कुठेच नसतं. २०२० मध्ये एस. वनिता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर सुनेला घरगुती हिंसाचार कायद्यानं मिळालेला निवाऱ्याचा हक्क बुडवण्यासाठी करता येणार नाही. एकाच टेबलाशी सगळे बसले की ही दुसरी बाजूही दिसते. नुसत्या तक्रारीच्या कागदावर ती दिसत नाही.

शिक्षेची वाटही महाराष्ट्रात वापरली गेली आहे. लातूर जिल्हा परिषदेनं आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून पालकांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला आणि तो अमलातही आणला. नोकरदाराला अशी कात्री लावता येते. पण मुळशीत जमिनीच्या आशेवर बसलेल्या भावकीला किंवा फोनच्या पलीकडच्या चोराला पगारच नाही. तिथे वेळेत पोचणं हाच उपाय.

ग्रामपंचायतींचे पुढच्या वर्षाचे आराखडे दिवाळीच्या आसपास आकार घेऊ लागतात आणि २६ जानेवारीला ग्रामसभा भरते. मुळशीतल्या गावांनी या सभेत तीन ठराव करावेत. गावात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस पाटील आणि आशाताईंनी मिळून करावी आणि ती पोलीस ठाण्यात द्यावी. साठीपुढच्या खातेदाराच्या फेरफाराची प्रत्येक नोटीस चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवावी. आणि तालुक्याच्या समन्वयकाच्या पगारासाठी प्रत्येक पंचायतीनं आपला छोटा वाटा मंजूर करावा. हा तिसरा ठराव सर्वांत रुक्ष आहे, आणि पहिले दोन त्याच्यावरच उभे आहेत. यादी केली आणि ती घेऊन जाणारं कुणी नसेल, तर ती फाइलमध्ये राहील. नोटीस वाचली आणि हरकत लिहून देणारं कुणी नसेल, तर पंधरावा दिवस उलटून जाईल.

हे काम दयेचं नाही. या तालुक्यातल्या ज्येष्ठांनी धरणाला, एमआयडीसीला, रस्त्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या कष्टावर ही गावं उभी राहिली. त्यांच्या नावावर उरलेलं जे आहे, ते त्यांच्या इच्छेशिवाय कुणाकडे जाऊ नये यासाठी माणशी साडेतीन रुपये फार नाहीत. कायदा मिळवायला २००७ उजाडलं. तो अमलात आणणाऱ्या माणसाला नेमायला आता कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. पंचायतीनं, कंपन्यांनी, जिल्ह्यानं एका पगाराची तरतूद करावी, एवढंच.